लाल-पिवळ्या-लाल खुणेचा लघुग्रह

"सायन्या, खुर्च्या मांडायला आलास का वडे खायाला?" सौम्यानं विचारलं.

"एकच खाल्लो गं," साईनाथ तोंड पुसत म्हणाला. "सौरव कुठं गेलाय?"

तिनं वळून बघितलं. उद्या कॅम्प भागातल्या या हॉलमध्ये सुट्टीचं विज्ञान प्रदर्शन होतं. त्यांच्या विज्ञान मंडळाची सगळी पोरं कामाला लागली होती, आणि सौरव मात्र हातात खुर्ची घेऊन एका पोस्टरपुढं उभा होता. दोघं धावत गेले.

पोस्टरवर एक मोठा फोटो होता : काळं आभाळ, पांढरे ठिपके आणि एका ठिपक्याभोवती गोल. खाली लिहिलं होतं, 'आपल्या मंडळाचा लघुग्रह. शोध : नागेंद्र सर.'

"ह्यो आमच्या आक्काचा हाय," सौरव हळूच म्हणाला.

होताच! स्वरूपा त्याची मोठी बहीण. गेल्या उन्हाळ्यात मंडळाकडं दुर्बिणीचे फोटो आले होते, एकाच आभाळाचे, थोड्या थोड्या वेळानं काढलेले. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका सरकला, तर तो मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह असू शकतो. सगळे कंटाळून आईस्क्रीम खायला गेले आणि स्वरूपा एकटी बघत बसली. तिला सापडला! त्या ठिपक्याभोवती गोलही तिनंच काढला. दिवाळीआधी तिला डेंग्यू झाला. आठवीत होती. दवाखान्यातून ती घरी आलीच नाही.

तिघं मंडळ चालवणाऱ्या नागेंद्र सरांकडं गेले.

"सर, त्यो स्वरूपानं शोधलेला न्हवं?" सौम्यानं विचारलं.

सर माईकची वायर सोडवत होते. "अरे, ती मुलगी आता नाही ना. मंडळातल्या कुणाचं तरी नाव लावायला पाहिजे. जा, खुर्च्या मांडा."

सौरव बाहेर पायरीवर जाऊन बसला. साईनाथनं त्याला खिशातला दुसरा वडा दिला. म्हणजे दोन होते! पण त्या दिवशी त्याला कुणी चिडवलं नाही.

"आपलं कोण ऐकतंय?" साईनाथ म्हणाला.

"थांब रं," सौम्या म्हणाली. "फोटोच्या कोपऱ्यात तीन बारीक रेघा हाईत, बघितलास? लाल, पिवळी, लाल."

सौरवनं मान वर केली. वडगावात त्यांच्या गल्लीत घरोघरी साड्या विणतात. व्यापाऱ्याकडं साड्या ढिगात मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घर पदराच्या कोपऱ्यात आपापल्या रंगांचे धागे घालतं. लाल, पिवळा, लाल म्हणजे सौरवचं घर.

"आक्का चित्राच्या वहीवर पण तसंच करायची," तो म्हणाला. "कंपासवर पण."

"मग सरांस्नी आताच सांगूया की," साईनाथ उठला.

"खुळा हाईस काय?" सौम्या म्हणाली. "लगेच पुसून टाकतील. उद्या पाहुणे येणार हाईत, त्यांच्यासमोर विचारायचं."

दुसऱ्या दिवशी पाहुण्या आल्या, आकाशाचा अभ्यास करणाऱ्या प्रियदर्शनी मॅडम. सर त्यांना पोस्टरपाशी घेऊन आले, तशी सौम्या अगदी भोळा चेहरा करून पुढं झाली.

"सर, या कोपऱ्यातल्या रंगीत रेघा कशाच्या?"

"त्या... त्या दुर्बिणीतूनच येतात, बाळ."

मॅडम वाकल्या. "दुर्बिणीतून? असं कधी येत नाही."

सौरवनं पिशवीतून घरून आणलेली साडी काढली आणि पदराचा कोपरा फोटोशेजारी धरला. लाल, पिवळा, लाल. साईनाथनं साडीचं दुसरं टोक धरलं.

"ही आमच्या घरची खूण हाय मॅडम. माझ्या आक्कानं घातली. तिनंच शोधलाय."

सरांची मान खाली गेली. "खरं आहे. तिनंच," ते म्हणाले. "मला वाटलं, आता कोण विचारणार."

मॅडमनी तिथंच पोस्टरवरचं नाव खोडून 'स्वरूपा' लिहिलं. "लघुग्रहाची मूळ नोंदही दुरुस्त करायला कळवते," त्या म्हणाल्या. "शाब्बास रे पोरांनो. आता मला तिच्या आईकडं न्या."

गल्लीत मागांची खटखट चालली होती. सौरवच्या घरातला माग तेवढा थांबला. त्याची आई, सत्यवती काकू, बाहेर आली. मॅडमनी सगळं सांगितलं. काकूनं सौरवच्या हातातली साडी घेतली आणि कोपऱ्यातल्या धाग्यांवरनं अंगठा फिरवत राहिली.

"मग तिचं नाव देणार त्याला?"

"लगेच नाही हो. तो पुन्हा पुन्हा दिसायला हवा. त्याची सूर्याभोवतीची वाट पक्की झाली की कायमचा नंबर मिळतो, मग नाव सुचवता येतं. बरीच वर्षं जातात. मुलांनी लक्ष ठेवायला पाहिजे."

"आम्ही ठेवतो," तिघं एकदम म्हणाले.

"एक फेरी माराय किती दिवस लागत्यात त्याला?" काकूनं विचारलं.

"चार वर्षांच्या आसपास."

काकूनं आठवीपासून बोटांवर मोजलं.

"म्हंजे परत हितं येईल तवा ती बारावीला असंल," ती म्हणाली.

सौरव आईशेजारी जाऊन बसला आणि साडीची घडी घालायला लागला, खूण वर दिसेल अशी.