मागच्या सीटवरचं वजन

ठेव तो पाना खाली, धाकट्या. दिवे काही पळून जात नाहीत. आणि थोरल्या, तू दात काढू नकोस, वायरी उलट्या धरल्यायस. चाळीस वर्षं वायरमनकी केली मी, मला इथून खुर्चीतूनसुद्धा दिसतं. बसा दोघं. काकू चहा टाकतेय.

गाडीला जादा दिवे बसवू नका असं मी म्हणत नाही. खुशाल बसवा. पण मघाशी हा काय म्हणाला? "दिव्यांची उंची जुळवताना मागे कोणीतरी बसायला हवं. कोणाला हाक मारायची?" तेवढ्यासाठी थांबवलं तुम्हाला. आत्या रात्रीची गाडीवर बसत नाही म्हणून तुम्ही तिची टिंगल करता ना? का बसत नाही ते आज ऐका. तिच्यापुढे मात्र अवाक्षर काढायचं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. सोळा तारीख, गुरुवार. तारीख पाठ आहे, कारण त्या रात्री एक वाजता आत्याच्या यजमानांनी माझं दार वाजवलं. उघडून बघतो तर भावोजींच्या पायात एकच चप्पल. पुढचं सगळं त्यांनी तेव्हा सांगितलेलं आहे, माझ्या पदरचं काही नाही.

भावोजींना तुम्ही ओळखता. लेथवर उभे राहिले की लोखंडाचं लोणी करतील. पण स्वभाव असा की दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाहीत. आत्या तेव्हाही हॉस्पिटलात नर्स होती, ड्यूटी रात्री अकराला सुटायची. हे रोज आणायला जायचे. कालव्याच्या कडेचा सहा किलोमीटर रस्ता, वाटेत एक दिवा नाही. आणि तिला पाचवा महिना होता. आठवडाभर आधी कोणीतरी रस्त्यात खडी ओतून ठेवली होती, ती हेडलाइटमध्ये दिसलीच नाही. गाडी घसरली, कशीबशी सावरली.  घरी येऊन ती पोटावर हात ठेवून तासभर बसून राहिली. भावोजींनी ते पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी दिव्यांची जोडी घेऊन आले.

मी म्हटलं, मी येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. तर म्हणतात, "नको दादा, तुम्ही खांबावरची माणसं. गाडीचं काम नाजूक असतं." घ्या. मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी गेलो नाही. ते अजून सलतं मला.

गुरुवारी साडेसातला त्यांनी काम काढलं. पट्ट्या स्वतः कापलेल्या, भोकं स्वतः पाडलेली. बॅटरीजवळ फ्यूज, सीटखाली रिले, हँडलवर बटण. वायर इंजिनाला लागून भाजू नये म्हणून तिच्यावर जाड नळी चढवलेली. मी नंतर सगळं उघडून पाहिलं, एक जोड ढिला नव्हता. तेव्हा वायरिंगमध्येच घोळ असेल असं मला कोणी शिकवू नका.

दहा वाजून गेल्यावर उंची जुळवायचं तेवढं राहिलं. घरासमोरच्या गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून गाडी पंचवीस फुटांवर उभी केली. भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली. झोत त्या रेघेवर यायला हवेत. वर गेले तर समोरच्याचे डोळे दिपतात, खाली राहिले तर लांबचं दिसत नाही. आता यातली मेख ऐका. मागे माणूस बसलं की मागच्या स्प्रिंगा दबतात, गाडीचं नाक वर उठतं, आणि भिंतीवरचा झोत वीतभर वर सरकतो. म्हणून मागे वजन ठेवूनच दिवे जुळवायचे. माणूस नसेल तर वाळूचं पोतं चालतं.

पोतं नव्हतं. गल्लीत चिटपाखरू नाही. मला फोन करायचा, तर आधीचं बोलणं आडवं आलं. ते एकटेच सीटवर बसले, इंजिन चालू केलं, बटण दाबलं. दोन्ही झोत रेघेच्या वीतभर खाली पडले. आणि ते गमतीत बोलून गेले. मोठ्याने.

"या कोणीतरी. बसा दोन मिनिटं मागे."

गाडी दबली.

झटका नाही बसला. थकलेलं म्हातारं माणूस खाटेवर टेकतं ना, तशी हळूच दबली. भिंतीवरचे झोत वर चढले... आणि बरोबर रेघेवर येऊन थांबले.

भावोजींनी वळून पाहिलं. मागे कोणी नाही. जुनी गाडी, स्प्रिंग अडकली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. साडेदहा वाजले होते, उशीर करून चालणार नव्हतं. आहे त्या उंचीवर बोल्ट आवळले आणि निघाले.

रस्ता लख्ख दिसत होता. खड्डा न् खड्डा. ते खूशच होते, पण एक गोष्ट डोक्यात टोचत राहिली. गाडीवर आपण एकटे आहोत, म्हणजे झोत खाली पडायला हवेत. ते पडत नव्हते.

आत्या हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी होती. बसायला आली आणि थांबली.

"पुढे सरका ना," म्हणाली, "जागा कुठे आहे?"

भावोजी टाकीला चिकटूनच बसलेले होते.

ड्यूटीभर उभी असलेली बाई, तिला घर गाठायचं होतं. ती कशीबशी कडेला टेकली. गाडी आणखी दबली. झोत रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर गेले. गाडीपुढे पुन्हा अंधार. भावोजी अंदाजाने चालवत होते.  मग ती म्हणाली,

"तुम्ही एवढे गार का पडलात?"

"कोण, मी?"

"तुमच्या पाठीवर हात आहे माझा. गारठून गेलीय पाठ."

भावोजींच्या पाठीवर हात नव्हता.

...

चहा घ्या. गार होईल.

भावोजींनी गाडी लगेच थांबवली नाही. ते विचार करत होते. दोघांनी उतरून पळावं, तर मागचं पण उतरेल. पाचव्या महिन्यातली बाई किती पळणार? घर किलोमीटरभर राहिलं तेव्हा त्यांनी ब्रेक लावला. आवाज शक्य तेवढा साधा ठेवून म्हणाले, "चाकात हवा कमी आहे. तू उतर. पुढे चाल, दिव्यांच्या उजेडात चाल. मागे बघू नकोस. घरी गेलीस की आतून कडी लाव."

तिने का म्हणून विचारलं नाही. तिलाही कळलं असणार. ती उतरली, आणि झोत झाडांवरून रस्त्यावर आले. एकाचं वजन कमी झालं.

एकाचंच.

ती पुढे चालली. हे मागून, पहिल्या गिअरमध्ये. उजेड तिच्या पाठीवर, खांद्यांपर्यंत. भावोजींची नजर त्या खांद्यांवर. उजेड खांद्यांवर आहे तोवर ते मागे बसलेलं आहे. आपल्या मागे. म्हणजे तिच्याबरोबर नाही. हा हिशोब त्यांनी मांडला होता. मानेवर गार वाटत होतं. ते वळले नाहीत.

शेवटची मोरी आली, पाण्यावरचा छोटा पूल.

उजेड खाली सरकला. खांद्यांवरून... पाठीवर... कमरेवर.

गाडी हलकी झाली होती.

पुढे ती चाललेली. एकटी. मागे बघू नकोस म्हटलं होतं, तर बघत नव्हती. तिच्या आणि गाडीच्या मधे रस्ता रिकामा. दिसायला रिकामा.

 भावोजी त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत बोलले.

"जाऊ नका... बसा. मागे बसा. मी नेतो तुम्हाला."

काही नाही.

"तिला राहू द्या. मी नेतो."

...

गाडी दबली. हळूच. उजेड पुन्हा खांद्यांवर आला.

आत्या घरात शिरली. कडीचा आवाज ऐकला आणि भावोजींनी गाडी दारापुढून तशीच पुढे काढली. आपल्या घरापासून लांब न्यायची, एवढंच डोक्यात. शेजारच्या गल्लीत आमचं घर. आमच्या मागच्या शेडमध्ये आणून बंद केली. तासभर तिच्यावरच बसून होते. उतरायची छाती होईना. शेवटी एक चप्पल तिथेच टाकून माझ्या दाराशी आले.

त्यांचं पोरगं सुखरूप झालं, घर डोक्यावर घेतं तुमच्यासारखं. आत्याने दिवसाची ड्यूटी मागून घेतली. भावोजी बसने जातात. गाडी विकायची तर कोणाच्या गळ्यात बांधणार? मी बॅटरी काढली आणि शेडला कुलूप घातलं. भावोजी त्या विषयावर बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "दादा, नेतो म्हटलं मी. कुठे न्यायचं ते विचारलंच नाही."

हो थोरल्या, आपलीच शेड. ती, मागची.

आता पायरीवर वाळूचं पोतं काढून ठेवलंय. ते बांधा मागे, आणि झोत जुळेपर्यंत तोंडातून शब्द काढू नका. तुमच्याकडे पाना नव्हता म्हणून आज संध्याकाळी मी ती शेड उघडली, तीन वर्षांत पहिल्यांदा. हाच पाना. गाडीवर बोटभर धूळ होती. टाकीवर, हँडलवर, पुढच्या सीटवर.

मागची सीट स्वच्छ होती. रोजच्या बसण्याने गुळगुळीत होते ना, तशी.