लवकर वाजणारा डबा

दादाला स्वस्तातला पण चांगला ऑडिओ इंटरफेस हवा होता. म्हणजे गिटारचा आवाज माइकमधून कॉम्प्युटरात नेणारा डबा. स्वस्त आणि चांगलं एकाच वाक्यात आलं की माझ्या कपाळावर आठ्या पडतात, पण या वेळी मी निमूट त्याच्याबरोबर दुकानात गेले. त्याच्या डाव्या हाताची बोटं महिन्यागणिक हट्टी होत चालली होती. काय वाजवायचं ते आता वाजवून घ्या, असं डॉक्टरांनी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं.

त्याला एकच धून वाजवायची होती. त्याची पुतणी, म्हणजे आमच्या धाकट्या भावाची मुलगी, लहान असताना तिला झोपवायला तो ती वाजवायचा. शेवट तिने कधी ऐकलाच नव्हता, त्याआधीच तिचा डोळा लागायचा. आता तिला दिवस गेले होते आणि दूरच्या शहरातून फोनवर तिने एकच धोशा लावला होता: ती धून बाळासाठी हवी, आणि या वेळी शेवटासकट हवी.

दुकानदार बोलघेवडा होता, पण माहितगार. दोन माइकवाला घेऊ नका, तुम्ही काय ऑर्केस्ट्रा काढताय का, म्हणाला. खरी मेख होती उशिराची. तार छेडली की आवाज डब्यातून कॉम्प्युटरात जातो आणि हेडफोनमध्ये परत येतो. स्वस्त डब्यांत हा फेरा लांबतो. दादाने एकेक डबा लावून पाहिला. स्वतःचाच सूर मागून आला की त्याची बोटं जास्तच अडखळायची. त्याचा पडलेला चेहरा मला बघवेना.

मग दुकानदाराने खालच्या खणातून एक करडा डबा काढला. कुणीतरी परत केलेला, म्हणून आणखी स्वस्त.

"परत का केला?" मी विचारलं.

"फार लवकर आहे म्हणे." तो हसला नाही. "आता याला तक्रार म्हणायचं का, तुम्हीच सांगा."

मी मात्र हसले. कानांच्या दवाखान्यात तपासणी करते मी. आवाजाबद्दल लोक काय वाट्टेल ते सांगतात.

घरी मागच्या खोलीत दादाने हेडफोन चढवले आणि वाजवायला लागला. बोटं एकदाही अडखळली नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते दिसू नये म्हणून मी उगाच केबल गुंडाळत बसले. ही जादू कशी झाली विचारलं, तर तो सहज म्हणाला, "आधी ऐकू येतं, मग मी वाजवतो. नुसतं मागोमाग जायचं. चुकायचं कसं?"

मी हेडफोन लावून टेबलावर टिचकी मारली. आधी टिचकी ऐकू आली, मग माझं बोट टेबलाला लागलं. मी केबल बदलली. दवाखान्यातला कॉम्प्युटर आणून जोडला. तेच. दमल्यामुळे होतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली, पण दिवसागणिक ते अंतर वाढत गेलं. आता दादा अख्खी ओळ आधी ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि मग तीच ओळ वाजवायचा. तो इतका खुशीत होता की मी तोंड मिटून राहिले.

रविवारी दुपारी शेवटी रेकॉर्डिंग सुरू केलं. धून अर्ध्याच्या पुढे गेली आणि त्याची बोटं थांबली ती थांबलीच. तो थोडा वेळ नुसताच ऐकत राहिला. मग हेडफोन काढून बोटं चोळू लागला.

पडद्यावरची आवाजाची रेघ मात्र हलतच होती. मी हेडफोन कानाला लावले. आत धुनेचे शेवटचे सूर विरत होते. मग गिटार भिंतीला टेकवल्याचा आवाज. पंख्याची घरघर. चपलांची फटफट, मी चालते तशीच. मग माझा आवाज.

"दादा, झोपलास का?"

जरा वेळाने नुसतंच, "दादा." मग पुन्हा एकदा, मी कधीच काढला नाही अशा आवाजात.

दादा समोर बसला होता. "काय ऐकतेस एवढं?"

"पंखा," मी म्हणाले. "शेवट आलाय यात. आता तुला वाजवायला नको."

"ऐकला मी. छान वाजवलाय." तो हसला. "पण वाजवलाय कुठे अजून?"

शेवटच्या सुरानंतरचं सगळं मी कापून टाकलं आणि धून पुतणीला पाठवली. आता गिटारला हात लावू नकोस, असं दादाला विनवलं. मी घाबरले होते, आणि कशाला ते त्याला सांगता येत नव्हतं. पुतणीचा फोन आला. शेवट ऐकून ती रडली, आणि मग कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मी डबा परत नेऊन दिला. दुकानदाराने कारण विचारलं.

"फार लवकर आहे," मी म्हणाले.

त्याने डबा खालच्या खणात ठेवला.

घरी येऊन दार उघडलं, तर मागच्या खोलीतून धून ऐकू येत होती. बोटं थांबली होती ती जागा ओलांडून ती पुढे गेली. इतकं सुरेख तो तरुणपणीही वाजवत नव्हता.

शेवटचा सूर विरला.

गिटार भिंतीला टेकली. मग नुसती पंख्याची घरघर.

मी दारातच चपला काढल्या आणि दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं.

अजून मी हाक मारलेली नाही.