शिवेवरचा मुक्काम

थंडीच्या दिवसांत देवरीला चैतराम मिस्त्रींच्या अंगणात शेकोटी पेटली की गल्लीतली मुलं आपोआप जमतात. त्या रात्री विषय निघाला तो दुर्गेशमुळे. सुट्टीत मित्रांबरोबर गाडी घ्यायची, जंगलाच्या रस्त्यानं निघायचं आणि जिथं रात्र होईल तिथंच झोपायचं, असा त्याचा बेत होता.

"जिथं रात होईल तिथं?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो ना बाबा. रस्ता कोनाच्या बापाचा हाये का?"

मिस्त्री हसले नाहीत. लाकूड आगीत पुढं सरकवत म्हणाले, "रस्ता कोनाचाच नाई. जागा मातर कोनाची ना कोनाची राहते. आमच्या योगराजले हे थोडं उशिरा समजलं."

समीक्षानं शाल डोक्यावरून घेतली आणि ती जवळ सरकली. योगराज तिला ऐकून माहीत होता. मिस्त्रींच्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आता सडक अर्जुनीला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्याची ही गोष्ट.

योगराजनं एक जुनी शाळेची बस भंगारातून आणली आणि वर्षभर खपून तिची घरगाडी केली. आत दोन बिछाने, मागच्या दाराजवळ खिडकीखाली एक लांब बाक, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, पंखा. मागच्या दाराचं लोखंडी पायदान मिस्त्रींनी स्वतः वेल्डिंग करून दिलं होतं. चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे तेवढे जुनेच राहिले. पायदानावर कोणी पाय ठेवला की गाडी त्या बाजूला किंचित बसायची, कुईं असा आवाज यायचा, आणि माणूस आत गेलं की पुन्हा सावरायची. त्या आवाजावरून योगराज न बघता सांगायचा, बायको चढली की लेक.

नागपूरच्या एका डॉक्टरसाहेबांनी नाताळच्या सुट्टीसाठी गाडी ठरवली. पहिलंच गिऱ्हाईक. त्यांचं म्हणणं एकच होतं: रात्रीचे मुक्काम तुम्ही आधी स्वतः राहून बघा, मगच आम्ही येऊ. म्हणून २०२३ च्या डिसेंबरात योगराज, त्याची बायको प्रिया आणि सात वर्षांची चंचल असे तिघं जागा शोधत निघाले.

पहिली रात्र चोरखमाऱ्याच्या तलावाकाठी झाली. पहाटे बदकांचे थवे उतरले, चंचल खुश. दुसऱ्या मुक्कामाला मात्र जागा मिळेना. धाब्यावर ट्रकांचे हॉर्न, पेट्रोल पंपावर डोळ्यांत उजेड. जंगलाच्या कडेला एक जागा छान होती, तर मोबाईलला रेंज नाही.

"डॉक्टरीनबाईची आंघोळ कुठं होईल थे सांग पयले," प्रिया म्हणाली. "रेंजचं मंग पाहू."

शनिवार होता, नऊ तारीख. अमावस्या तीन दिवसांवर. ऊन कलताना ते देवरीकडच्या एका जंगलरस्त्यावर आले. गावाचं नाव मिस्त्रींनी सांगितलं नाही. "तिथं आपली सोयरीक हाये," एवढंच म्हणाले. गाव मागं पडलं, धानाच्या कापलेल्या बांध्या लागल्या, आणि गावाची शीव जिथं संपते तिथं मोहाच्या झाडाखाली ती जागा दिसली. मुरमाची, सपाट, झाडून ठेवल्यासारखी. बाजूला बोडी, छोटं तळंच, पाण्यानं भरलेली. मोबाईलला पूर्ण रेंज. योगराजनं गाडी लावली आणि हँडब्रेक ओढला.

झाडाच्या मुळाशी एक लहानसा लाकडी गाडा पडला होता. खेळण्यातला असावा तेवढा. त्यावरचं लाल कापड उन्हापावसानं पांढरं पडलेलं. दांडीला अगदी लहान, हिरव्या काचेच्या बांगड्या बांधलेल्या.

"बाबा, इतक्या लायन्या बांगड्या कोनाच्या हातात जात असतील?" चंचलनं विचारलं.

"हात नोको लावू," प्रिया म्हणाली, आणि तिनं स्वतः त्या गाड्याला हात जोडले.

अंधार पडता पडता रस्त्यानं एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडं, हातात बॅटरी. बिसराम त्याचं नाव. शेतातले धानाचे पुंजणे राखायला निघाला होता.

"जय सेवा. गाडी बिघडली का?"

"नाई बाबा. मुक्काम करून राहिलो."

"इथं?" म्हाताऱ्यानं बॅटरी चाकांवर फिरवली. "इथं नोको. गावात चाल. शाळेपुढं जागा हाये, नळ हाये."

"शाळेपुढं रातभर कुत्रे भुकतील. काऊन, इथं वाघ येते का?"

"येते कधी कधी. वाघाचं काई नाई."

"मंग?"

"चाकाची गाडी इथं ठेवत नसतात."

योगराज हसला. "आता बिनचाकाची कुठून आनू?"

बिसराम हसला नाही. दारात उभ्या चंचलकडे त्यानं क्षणभर बघितलं. "माझी आग तिकडे पुंजण्यापाशी राहते," तो म्हणाला. "रातभर जागाच असतो मी." आणि गेला.

"चाल ना गावात," प्रिया म्हणाली.

"डॉक्टरसाहेब काय शाळेपुढं झोपाले येऊन राहिले का? अशी जागा भेटनार नाई."

जेवणं झाली. प्रिया आणि योगराज आपापल्या बिछान्यावर. चंचल हट्टानं दाराजवळच्या बाकावर झोपली, खिडकीतून तारे दिसतात म्हणून. योगराजनं दाराला आतून कडी लावली. दिवा मालवला.

किती वेळ गेला कोण जाणे. त्याला जाग आली ती शांततेनं. रातकिडे थांबले होते. गावातली कुत्री थांबली होती.

मग पाटे वाजले.

कुईं...

गाडी मागच्या बाजूला बसली. हळूच. पायदानावर कोणी पाय ठेवावा तशी.

प्रिया बाहेर गेली असेल, त्याला वाटलं. हात पुढं केला. प्रिया शेजारच्या बिछान्यावरच होती. झोपलेली.

त्यानं दाराकडं बघितलं. कडी लागलेली होती.

गाडी तशीच कललेली. कोणीतरी उभं होतं. आत यावं की नाही, असा विचार करत असल्यासारखं...

आणि मग गाडी सावरली.

योगराज उठून बसला. माणूस पायदानावरून खाली उतरलं तर गाडी झटक्यानं वर येते. आत आलं तर अशी हळूहळू सावरते. ही त्याच्या हातची गाडी होती. त्यात त्याची चूक होणं शक्य नव्हतं.

बाक करकरला.

"सरकली ना मी..." झोपेत चंचल म्हणाली. "अजून किती सरकू..."

त्यानं दिवा लावला. चंचल भिंतीला चिकटून झोपली होती. अर्धा बाक रिकामा. त्या रिकाम्या जागेत चादर दबलेली होती.

पोरीच्या कपाळाला हात लावला. तवा तापावा तसं कपाळ.

प्रिया उठली. तिनं चंचलला उचलून छातीशी घेतलं. योगराज पुढं धावला, चावी फिरवली, दिवे लागले. दिव्यांच्या उजेडात रस्त्यावर बिसराम उभा होता. खिडकीशी येऊन त्यानं एकच विचारलं.

"बसली का?"

 योगराजनं मान हलवली.

मग म्हाताऱ्यानं सांगितलं. गावात ताप येतो, गोवर येतो, तेव्हा लोक लाकडाचा लहान गाडा करतात. आजार घेऊन येणारी जी माय, तिला हळद लावून, बांगड्या वाहून त्या गाड्यावर बसवतात आणि शिवेवर आणून सोडतात. पुढचं गाव तिला आपल्या शिवेपर्यंत नेतं. त्याच्या पुढचं आणखी पुढं.

"इथून पुढं आत जंगलात दहा घरांचा टोला होता," बिसराम म्हणाला. "लोकं कामाले बाहेर गेले, टोला खाली झाला. तिकडे जानारा फाटा बी जंगलानं खाल्ला. तिले पुढं नेनारं कोनी उरलं नाई. किती वर्सं झाले, इथंच बसून हाये. तू चाकाची गाडी आनून ठेवली. तिले वाटलं, नेवाले आली."

"मंग इथंच उतरव ना तिले."

"इथून तं चढली. इथं नाई उतरत. पुढच्या शिवेवर थांब. 'माय, उतर' म्हन. उतरन. मांगं पाहू नोको."

"पोट्टीले दवाखान्यात न्यावं लागन, बाबा."

"ने. पर तिले उतरवून मंगच दवाखान्याच्या दारात जाय. तिथं आधीच बिमार लेकरं राहतात."

 शेकोटीपाशी दुर्गेशनं मान वळवून फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडं एकदा बघितलं.

"दवाखाना कुठं होता, बाबा?" समीक्षानं हळूच विचारलं.

"इकडेच. देवरीले. मधात दोन गावं," मिस्त्री म्हणाले.

योगराजनं गाडी हाकली. मागं बघितलं नाही. मागून चंचलचा श्वास ऐकू येत होता. भरभर. आणि दर खड्ड्याला बाक करकरत होता, वजन असल्यासारखा.

पहिल्या गावाची शीव आली. शेंदूर लावलेला दगड. त्यानं गाडी थांबवली. पहिल्याच घराच्या ओसरीत दिवा होता. एक बाई पाय लांब करून बसली होती, पायांवर तान्हं मूल घेऊन. त्याला थोपटत होती. गाडीचा उजेड पडला तशी तिनं पदर ओढून मुलाच्या डोळ्यांवर धरला.

"म्हना ना," मागून प्रिया म्हणाली. "लवकर म्हना."

त्यानं तोंड उघडलं. ते मूल रडायला लागलं होतं.

"माय..." तो म्हणाला. "इथं लेकरू हाये. पुढं चाल."

 तेव्हा प्रिया काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं योगराज पुढं मिस्त्रींना म्हणाला.

दुसरी शीव. चंचल आता बडबडत नव्हती. हूं की चूं नाही. श्वास मोठा, मध्ये थांबणारा...

"आता उतरवा," प्रिया रडत म्हणाली. "माझी पोट्टी जाईन. कोनाचं काय होते थे होऊ द्या. उतरवा तिले."

त्यानं ब्रेक दाबला. दिव्यांचा उजेड एका लांब इमारतीवर पडला. आश्रमशाळा. व्हरांड्यात दोरीवर गणवेश वाळत होते. निळे, पांढरे. लहान लहान. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ब्रेकवरचा पाय त्यानं काढला नाही.

मग मागून प्रियाच म्हणाली, "...पुढं चाला."

हायवे लागला. दवाखाना आता समोरच्या वळणावर. रस्त्याच्या कडेला ट्रक उभे होते, ड्रायव्हर झोपलेले. योगराजनं त्यांच्या ओळीत गाडी लावली. इंजिन बंद केलं. याच्यापुढं थांबायला जागा नव्हती.

तो पुढंच बघत राहिला. काचेत त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता. मागचं काही दिसू नये म्हणून त्यानं डोळे मिटले.

"माय," तो म्हणाला, "मी तुले उतर नाई म्हनत. तुले कुठं जावाचं थे तूच पाहा. हे एवढं लेकरू तेवढं..."



चंचलचा श्वास.

थांबला...

पुन्हा आला.

कुईं...

गाडी मागं बसली. आणि झटक्यानं वर आली.

शेजारी एक रिकामा ट्रक होता, परराज्यातला. त्याच्या फाळक्याची साखळी वाजली. एकदाच. वारा नव्हता. पुढच्या धाब्यावरचा धूर सरळ वर जात होता.

ट्रकमधला ड्रायव्हर उठला. त्यानं चूळ भरली, आरशाखालच्या फोटोला उदबत्ती लावली. योगराजला भान आलं तेव्हा ट्रक हलला होता. तो उडी मारून खाली उतरला आणि दोन्ही हात हलवत मागं धावला. ड्रायव्हरला वाटलं, रामराम करतो आहे. त्यानं हॉर्न दिला, हात दाखवला आणि ट्रक रायपूरच्या बाजूला निघून गेला.

दवाखान्यात पोचेपर्यंत पोरीला घाम सुटला होता. "ताप उतरून राहिला," डॉक्टर म्हणाले. "पाणी कमी झालं आहे, सलाईन लावू." सिस्टरनं चंचलचा डावा हात उजेडात घेतला.

"ही बांगडी काढा आधी."

प्रियानं बघितलं. चंचल कधीच बांगड्या घालत नव्हती. मनगटात एक हिरवी काचेची बांगडी होती. अगदी लहान. सिस्टरनं साबण लावला, तेल लावलं. तळव्यापाशी येऊन अडायची. पुढं जायला वाटच नव्हती. बांगडी अखंड होती, कुठं सांधा नव्हता.

शेवटी सलाईन उजव्या हाताला लावलं.

 शेकोटीतलं लाकूड आत कोसळलं.

"आनि नागपूरचे डॉक्टरसाहेब?" दुर्गेशनं विचारलं. आवाज उगाच मोठा निघाला.

"आले ना. शाळेपुढं झोपले. कुत्रे भुकले रातभर. योगराज आता कुठं बी गाडी लावते तं पयले गावात जाऊन इचारते."

"बांगडी फोडली नाई का कोनी?" समीक्षानं विचारलं.

"मलेच बोलावलं होतं. पक्कड घेऊन गेलो." मिस्त्रींनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. "पक्कड तशीच ठेवून देली परत."

"काऊन बाबा?"

मिस्त्रींनी तो हात आगीवर धरला. 

"थे बांगडी मायनं चांगल्यासाठी देली का वाईटासाठी, बाबा?" समीक्षानं पुन्हा विचारलं.

"कोन सांगन," ते म्हणाले. "पोट्टी आता नऊ वर्साची झाली. तवाचे फ्राक अंगात जात नाई. हात भरला, मनगट भरलं."

ते उठले. घोंगडं झटकून खांद्यावर टाकलं.

"बांगडी थेच हाये. अजून सैल फिरते."