चौथ्या दिवसाची मात्रा

सलोमीच्या घरात सकाळची प्रार्थना व्हायची ती फुंकरीनंतर. आधी ती खिडकीतल्या पांढऱ्या पेटीच्या नळीत तीन लांब श्वास सोडायची, पेटी पाचेक मिनिटं घुमायची आणि मग खालच्या पेल्यात औषधाचे दहा-बारा थेंब पडायचे, ते ती प्यायची. कधी पिवळसर, कधी पाण्यासारखे, रोज निराळे. तोवर तिचे वडील शमुवेल भांबळ गीतांचं पुस्तक काढून ठेवत, चष्मा पुसत आणि जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्याकडे पाहावं तसे त्या पेटीकडे पाहत.

पेटीचं कागदावरचं नाव होतं श्वासवाचक. सलोमी मात्र तिला संदेष्टा, म्हणजे देवाच्या वतीने पुढचं आधीच सांगणारा, म्हणायची. ही थट्टा पप्पांना आवडत नसे, आणि आवडत नसे म्हणूनच ती करायची. एकवीस वर्षांची पोर, प्रवरेकाठच्या जुन्या मिशन कंपाउंडातल्या चर्चमध्ये गाणारी. आई लहानपणीच गेलेली. तिच्याशिवाय शमुवेलना या जगात दुसरं कोणी नव्हतं.

सलोमीला क्षय झाला होता, आणि गेल्या काही वर्षांत क्षयाचा जंतू इतका निगरगट्ट झाला होता की जुन्या गोळ्यांना तो भीक घालेना. म्हणून ही पेटी निघाली. ती श्वासातले जंतूंचे बारीक अंश वाचायची, त्यांची वंशावळ मांडायची आणि आज छातीत असलेल्या जंतूंची पुढची पिढी कोणतं नवं रूप घेईल याचा अंदाज बांधून त्या रूपावरची मात्रा आजच द्यायची. जंतू वळणावर पोचण्याआधी औषध तिथे हजर. सगळा कारभार एकाच सिद्धांतावर चालला होता: सजीव पिढ्यांगणिक बदलतात आणि त्या बदलण्याला नियम आहेत.

इथेच शमुवेलांचं घोडं पेंड खात होतं. ते काही अडाणी नव्हते. मिशनच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. बेडक्याची काचपट्टी रंगवायची आणि निळ्या पार्श्वभूमीवर क्षयाच्या लाल काड्या मोजायच्या, यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. बत्तीस वर्षांत त्या काडीने कधी रूप बदललेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. दर रविवारी ते मुलांना शिकवत, की देवाने प्रत्येक जीव आपापल्या जातीचा केला. मग विचारत, "उत्क्रांती पाहिली कोणी?" मुलं एका सुरात म्हणत, "कोणीच नाही." या सुरात एके काळी विनया ओहोळचाही आवाज असायचा. आता तीच कंपाउंडातली विनया डॉक्टर होऊन सलोमीवर उपचार करत होती आणि रविवारी चर्चमध्ये मागच्या चटईवर बसतही होती. तिला दोन्ही कसं जमतं हे शमुवेलना उमगत नसे, आणि विचारायचं त्यांनी टाळलं.

सातवा महिना लागला. सलोमीचा खोकला थांबला, गालांवर मांस आलं, आवाज पुन्हा वर चढू लागला. पेटीच्या काचेवर मात्र आकडा होता: अजून चाळीस दिवस. आणि सुगीचा सण चार दिवसांवर आला होता.

त्या सणाला उपकारस्तुतीची उपासना असते. नवं धान्य, कोंबड्या, भोपळे वेदीपुढे येतात आणि ज्याच्यावर प्रभूची कृपा झाली तो मंडळीपुढे उभा राहून साक्ष देतो. पण या मंडळीचा एक नियम होता. बऱ्याच वर्षांपूर्वी एकाने साखरेचा आजार बरा झाल्याची साक्ष दिली आणि दुपारच्या जेवणात त्याच्या खिशातून इंजेक्शनचं पेन पडलं. सगळा तालुका हसला. तेव्हा पंचकमिटीत ठरलं, की औषध चालू असणाऱ्याने बरं झाल्याची साक्ष देऊ नये. हा नियम लिहिला होता खुद्द शमुवेलांनी. देवाच्या नावाने खोटं बोलणं त्यांना खपत नसे.

सलोमी आजारी पडली तेव्हा त्यांनी गुडघे टेकून शब्द दिला होता, की ही बरी झाली तर येत्या सुगीला साक्ष देईल. बुधवारी त्यांनी दवाखान्यातून जुना सूक्ष्मदर्शक मागून आणला. लागोपाठ तीन सकाळच्या पट्ट्या रंगवल्या आणि डोळ्यांत तेल घालून तीनशे-तीनशे क्षेत्रं तपासली. निळं, नुसतं निळं. त्यांच्या काळी सहा महिने औषध आणि कोरी पट्टी, की रोगी बरा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

शुक्रवारी त्यांनी विनयाला घरी बोलावून पट्ट्या दाखवल्या. तिने सूक्ष्मदर्शकात पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"काका, पट्टीवर आजचे जंतू दिसतात, तेसुद्धा पुष्कळ असले तर. तिच्या छातीत अजून थोडे आहेत. ते बदलायच्या बेतात आहेत. पेटी त्यांच्याच मागावर आहे."

"उद्याचं फक्त परमेश्वराला ठाऊक असतं, विनया."

"मग सणाला फक्त आभार माना ना. बरी झाले असं नका म्हणू. साक्ष पुढच्या वर्षी द्या."

पण देवाला दिलेला शब्द या वर्षीचा होता. विनयाने पेटीवर हात ठेवला, सलोमीकडे पाहिलं आणि ती निघून गेली. शनिवारी सकाळी शमुवेलांनी पेटी कपाटात ठेवली. सलोमी दारात उभी होती. तिने आकड्याची आठवण करून दिली. तेव्हा त्यांनी विचारलं, औषध घेत घेत देवापुढे खोटं बोलशील का? तिला खोटं बोलायचं नव्हतं, पण भीतीही वाटत होती, आणि ती तिच्या चेहऱ्यावर दिसली.

"तुम्ही स्वतः बघितलंत ना पप्पा?"

"स्वतः बघितलं."

"मग झालं," ती म्हणाली आणि पेटीवर तिने आपलाच धुतलेला रुमाल पसरला.

रविवारी तिने साक्ष दिली, गायलीही. मंडळीने एका आवाजात आमेन म्हटलं. शमुवेल रडले. तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस होता. पुढे ते तेच आठवायचे आणि स्वतःचा तिरस्कार करायचे.

सहा आठवड्यांनी खोकला परतला. विनयाने धावत येऊन पेटी बाहेर काढली, सलोमीला फुंकायला लावलं. पेटी तासभर घुमली, पण पेल्यात एकही थेंब पडला नाही. जंतू अशा फांदीवर जाऊन पोचला होता जिथे कोणतीच मात्रा पोचत नव्हती. दवाखान्यात नेलं, पुण्याला नेलं. सगळीकडे तीच मान हलली.

पुण्याहून परतल्यावर शमुवेलांनीच विनयाला वंशावळ दाखवायला सांगितली. तिला दाखवायची नव्हती. पडद्यावर झाडासारख्या रेघा होत्या, आणि एक रेघ बाकीच्यांपासून फुटून एकटीच वर गेली होती. ती कधी फुटली, असं त्यांनी विचारलं.

"पेटी बंद केल्यावर चौथ्या दिवशी."

"आणि चौथ्या दिवसाची मात्रा?"

विनयाने पेटीची मागची बाजू उघडली. पुढच्या काही दिवसांच्या मात्रा पेटी आधीच कुप्यांत भरून ठेवायची; त्या कुप्या तशाच रांगेत होत्या. चौथ्या कुपीवर त्याच फांदीचा क्रमांक होता, तो जंतू जन्मण्याआधी छापलेला. आता जंतू त्याच्याही पुढे निघून गेला होता. शमुवेलांनी तो क्रमांक दोनदा वाचला. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, हे त्यांनीच मुलांकडून पाठ करून घेतलं होतं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात सलोमी गेली. शेवटच्या आठवड्यात तिला श्वास पुरत नव्हता, तरी ती कोणाला दोष देत नव्हती. तिला एकच गोष्ट टोचत होती. एका दुपारी तिने त्यांचं बोट धरलं.

"पप्पा, मी त्या दिवशी खोटी साक्ष दिली का हो?"

शमुवेल तिचे केस सारखे करत राहिले. तिसऱ्या दिवशी तिला कबरस्थानात आईशेजारी ठेवलं, आणि उत्तर तसंच राहिलं.

सुगीचा सण पुन्हा आला. वेदीपुढे ज्वारीची कणसं आणि भोपळे मांडले होते. साक्ष देणाऱ्यांत शिलाईकाम करणारी मार्था उजागरे होती. तिच्याही घरी श्वासवाचक होता. गुरुवारीच ती शमुवेलना हौसेने सांगून गेली होती, की नियम मोडायला नको म्हणून तिने त्याच सकाळी पेटी बंद केली आहे. तेव्हा ते नुसती मान हलवून घरात गेले होते.

पाळकांनी साक्षीसाठी बोलावलं तेव्हा मार्थाच्या आधी शमुवेल उठले. पाळक गडबडले. ज्याच्या घरी मरण झालं तो उपकारस्तुतीला काय सांगणार? शमुवेल तोवर पुढे पोचले होते.

"माझ्या मुलीनं मला विचारलं होतं, मी खोटी साक्ष दिली का. ती खोटं बोलली नाही. खोटा मी ठरलो. तुमच्या पोरांना मी विचारत आलो, उत्क्रांती पाहिली कोणी. मी पाहिली. माझ्या सलोमीच्या छातीत पाहिली. तिच्यासाठी औषध आधीच तयार होतं. देवानंच ते विनयाच्या हाती दिलं होतं असं मी आता मानतो. मी त्याला कडी लावली, आणि लावताना त्याचंच नाव घेतलं." मग त्यांनी मान वळवली. "मार्था, आज चौथा दिवस आहे. घरी जा."

साक्ष संपली की मंडळी आमेन म्हणते. कोणी म्हटलं नाही. पाळक हातातल्या पुस्तकाकडे पाहत राहिले. मागच्या चटईवर विनयाने तोंडाला पदर लावला होता.

मार्था उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. कोणाकडे न पाहता ती दाराशी गेली आणि ढिगातून आपल्या चपला शोधू लागली. शमुवेल वेदीपुढे तसेच उभे राहून तिच्याकडे पाहत होते. भरल्या मंडळीत आपली शोभा केली म्हणून ती निघाली होती, की घरी जाऊन नळीत फुंकायला?