श्वासापुरती जागा

त्याची-माझी पहिली भेट झाली, तेव्हा माझा अर्धा चेहरा बधिर होता. त्यामुळे पहिल्या नजरेत मला जे काही वाटलं, ते त्याला अर्धंच दिसलं असणार.

दाढ काढण्याआधी डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाल्या, "जरा बाहेर बसा." बाहेर कोपऱ्यात रेडिओ चालू होता, आणि रेडिओवर मीच होते. दुपारच्या गप्पांचा माझा कार्यक्रम, कालचाच, पुन्हा लागला होता. लोक फोन करतात, मनातलं बोलतात, मी ऐकते... एवढंच. शेजारच्या खुर्चीत एक उंच माणूस गालाला रुमाल लावून बसला होता. कार्यक्रमाची धून सुरू झाली. ट्रम्पेट, ढोल, सर्कशीत हत्ती यावा तशी. तो कळवळला. मी त्याच्या गालाकडे सहानुभूतीने पाहिलं.

"दाढ नाही हो, ही धून!" तो म्हणाला. "बाई किती छान बोलतात, आणि त्यांच्या अंगावर हा कोणाचा कोट चढवलाय? बोलायच्या आधी त्या एक बारीकसा श्वास घेतात... ऐकलाय कधी? ढोलाखाली चिरडून जातो बिचारा."

माझं बोलणं गावभर ऐकलं जायचं. श्वास कोणी ऐकला नव्हता. 'मीच ती बाई,' असं सांगायला मी तोंड उघडलं, पण ओठ माझ्या ताब्यात कुठे होते? ज्या अक्षराला ओठ मिटावे लागतात, त्या प्रत्येकाचा 'फ' झाला.

"फीच ती फाई."

"फी ना? ती जाताना काउंटरवर द्यायची," तो अगदी मदतीच्या सुरात म्हणाला.

तेवढ्यात आतून मशीनची घरघर ऐकू आली आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला हाक मारली. तो उठला, पांढराफटक पडला, "घरी गॅस चालू राहिला बहुतेक," असं पुटपुटला आणि चक्क पसार झाला. मी हसले. अर्धीच.

तो कार्यक्रम मुळात माझा नव्हता. आमचे एक ज्येष्ठ निवेदक होते, सगळे त्यांना आजोबाच म्हणायचे, ते निवृत्त झाले आणि त्यांची खुर्ची, त्यांची वेळ आणि त्यांचा हत्ती, सगळं माझ्याकडे आलं. "तुमची स्वतःची धून निवडा," दवाखान्यानंतर दोन दिवसांनी स्टेशनचे साहेब म्हणाले. "माणूस बोलावलाय. जाहिरातींच्या धुना करतो. ती टायरची 'घुमघुम घुमाव' त्याचीच."

दार उघडलं. उंच माणूस. गालाला रुमाल.

"नमस्कार," मी म्हणाले.

तो जागच्या जागी थबकला. माझ्याकडे पाहिलं, मग माइककडे, मग पुन्हा माझ्याकडे. "अरे देवा... फी!"

"दिली मी. काउंटरवर."

त्या दिवसापासून तो माझ्यासाठी टायरवाले झाला आणि मी त्याच्यासाठी फीवाल्या बाई.

धून निवडणं मला साडी निवडण्याइतकं सोपं वाटलं होतं. (साडीही मला लवकर पसंत पडत नाही, ही गोष्ट वेगळी.) "धुनेला आधी दार वाजवता आलं पाहिजे," तो समजवायचा, "आणि तुम्ही आलात की गुपचूप बाजूला सरता आलं पाहिजे. पाहुण्याला आणून सोडलं की ड्रायव्हर घरात येऊन बसत नाही ना?" छोट्या खोलीत तो कीबोर्डवर वाजवायचा आणि मी त्यावर माझं ठरलेलं वाक्य म्हणायचे, "नमस्कार, मी ऐकतेय." त्या खोलीत बाहेरचा पाऊसही ऐकू यायचा नाही. पाऊस पडतोय हे त्याच्या ओल्या बाहीवरून कळायचं.

त्याने बासरी आणली. "हिने लोकांना झोप लागेल," मी म्हणाले.

गिटार आणली. "ही कॉलेज बुडवून आल्यासारखी वाटते."

व्हायोलिन आणलं. "हे ऐकून लोक फोन करतील हो, पण डॉक्टरांना."

"तुम्हाला पसंत तरी काय पडतं, फीवाल्या बाई?" तो वैतागून विचारायचा, पण डोळे वैतागलेले नसायचे. मी कागद चाळायला लागायचे... कोरे असले तरी.

घरी ताई म्हणाली, "अगं, मुलगा पसंत करायलासुद्धा कोणी एवढा वेळ घेत नाही."

"धून रोज ऐकावी लागते, ताई."

"आणि नवऱ्याचं रोज काय ऐकायचं नसतं?"

खरं सांगते, बासरी वाईट नव्हती. व्हायोलिन तर सुंदरच होतं. पण ज्या दिवशी मी 'हो' म्हणेन, त्या दिवशी त्याचं येणं संपणार होतं. त्या ओल्या बाहीची, त्या वैतागाची मला सवय झाली होती. सवय कसली... मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि प्रत्येक 'नाही' म्हणून आणखी एक भेट पदरात पाडून घेत होते.

शेवटी साहेबांचा पारा चढला. "सोमवारपर्यंत धून ठरली नाही, तर हत्तीच कायम!"

शनिवारी साहेबही ऐकायला येऊन बसले होते. तो आला तो थट्टा न करता. कीबोर्डला हातही लावला नाही, नुसतं रेकॉर्डिंग लावलं. पियानोचे चार-पाच सूर हळूच पायऱ्या चढत वर आले... आणि थांबले. अगदी शांत. मग कुठून तरी अलगद तारा झंकारल्या आणि धून पुढे निघाली.

"मधे कापलं गेलंय का?" मी विचारलं.

"नाही. ती जागा आहे. तुमच्या श्वासापुरती."

साहेब ताडकन म्हणाले, "अहो, रेडिओवर शांतता म्हणजे शटर पाडलेलं दुकान! लोक लगेच दुसरं स्टेशन लावतात."

या वेळीही 'नाही' म्हणणं सोपं होतं. साहेब खूश झाले असते. पण ती धून माझी होती, ऐकताक्षणी कळलं, आणि तिला नाही म्हणणं म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या कोटात वावरणं. मी मन घट्ट केलं.

"हीच," मी म्हणाले.

"बघू," साहेब कुरकुरले. "सोमवारी पहिल्याच फोनवाल्याने नावं ठेवली, तर मंगळवारी हत्ती परत."

त्याने वायर गुंडाळली. उगाच फार नीट गुंडाळली. दारापाशी थांबला. "एक बोलायचं होतं... पण मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. भीती वाटते."

माझ्या छातीत धडधड सुरू झाली, आणि धडधडायला लागलं की मला नको तेव्हा विनोद सुचतात. "दाढेला घाबरता, बोलायला घाबरता! आधी ती दाढ काढून या, मग बोला."

त्याने मान डोलावली आणि तो गेला. रविवारभर मी स्वतःला शिव्या घातल्या. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर जिभेला अक्कलही नव्हती.

सोमवारी हेडफोन लावून मी माइकसमोर बसले. लाल दिवा लागायला थोडाच वेळ होता. दार ढकलून तो आत आला. बाही ओली, गाल सुजलेला, तोंडात कापूस.

"फला..." तो म्हणाला. घाम पुसला. "फला तू आफडतेस."

बाकी सगळ्याची वाट लागली होती. पण 'तू'ला ओठ मिटावे लागत नाहीत. इतक्या दिवसांच्या 'तुम्ही'नंतरचा तो पहिला 'तू' अगदी स्वच्छ ऐकू आला.

"दाढ काढलीत? आत्ता? अहो, मी गमतीने म्हटलं होतं!"

त्याने नुसते खांदे उडवले.

"आणि ही धून... ही कधी केलीत?"

त्याने सुजलेल्या गालावर बोट ठेवलं.

"दवाखान्यातून पळून गेलात त्या दिवशी? मग एवढे दिवस बासरी काय, गिटार काय..."

"धून संफली की येणं संफलं असतं," तो खाली बघत म्हणाला.

म्हणजे हाही! मला हसू फुटलं आणि डोळेही भरले, दोन्ही एकदमच. साहेब काचेपलीकडून हातवारे करत होते. तो दाराकडे वळला, पुन्हा फिरला, आणि त्याने अगदी हळू विचारलं, "आणि... फी तुला?"

उत्तर द्यायला वेळच मिळाला नाही. साहेबांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. लाल दिवा लागला. पियानोचे सूर पायऱ्या चढत वर आले... आणि थांबले. त्या जागेत मी श्वास घ्यायचा होता.

"हो," मी म्हणाले.

तारा झंकारल्या. मी सावरले. "नमस्कार, मी ऐकतेय."

फोन गप्प. साहेबांचा हात कपाळावर. मग फोनचा दिवा लुकलुकला. एक वयस्कर गृहस्थ होते.

"बाई, धून नवीन वाटतं?"

"हो, काका. कशी वाटली?"

"छान आहे की! ऐकणाऱ्यालाही जरा दम घेऊ देते. पण काय हो, मधेच तुम्ही 'हो' कोणाला म्हणालात?"

"एकाने काहीतरी विचारलं होतं, काका. त्याचं तोंड बधिर होतं, म्हणून उत्तर जरा मोठ्याने दिलं."

काचेपलीकडे एक उंच माणूस गाल धरून उभा होता, आणि अर्ध्याच तोंडाने हसत होता.