सोनेरी पक्षी आणि कायमचं कार्ड

"चोरीला गेलेली वस्तू सापडली आहे," हायाशीबाई म्हणाल्या. "माझ्याच फ्रीजरमध्ये. म्हणून तर तुमच्याकडे आले."

कोबेच्या नागाता भागात, बुटांच्या कारखान्यांमागे ताकिगुची ताएबाई खासगी तपासाची कामं घेत. त्यांचा जोडीदार इसोबे हा निवृत्त टॅक्सीवाला. तो चहा ओतता ओतता थांबला.

देवळाच्या पालखीवरचा सोनेरी मुलाम्याचा पितळी पक्षी घासूनपुसून बाजारपेठेच्या ऑफिसात ठेवला होता. रविवारी जत्रा. गुरुवारी संध्याकाळी तो नाहीसा झाला. शुक्रवारी सकाळी चौकीवर निनावी फोन आला: कोपऱ्यावरच्या हायाशीच्या खानावळीतला फ्रीजर बघा.

"पहिलाच गुन्हा ना?" इसोबे म्हणाला. "शिक्षा झाली तरी स्थगित होईल. एवढं काय?"

"तुमच्यासाठी काही नाही. माझं खरं नाव लाम बिच थोआ. व्हिएतनाममधून होडीने आले तेव्हा आईच्या कडेवर होते. लाम हेच अक्षर इथं हायाशी वाचतात. गल्लीत सगळ्यांना वाटतं, मी केव्हाच जपानी झाले. मी कधी कुणाला खुलासा केला नाही. पण माझ्याकडे आहे ते फक्त कायम रहिवासाचं कार्ड. इतकी वर्षं ती काळ्या दगडावरची रेघ होती. आता नियम बदललाय. चोरीची शिक्षा झाली, अगदी स्थगित झाली, तरी कार्ड काढून घेता येतं. नवऱ्याची रक्षा इथं आहे. नात इथं शाळेत जाते. मी कुठं परत जाऊ?"

ताएबाईंनी चहा पुढे सरकवला. "पक्षी कसा ठेवला होता?"

"कोळंबीवर आडवा. हवालदाराने नुसत्या हातानेच उचलला. कोळंबी मात्र गेली. दाणा दाणा सुटी असते, तिचा नुसता गोळा झालाय. मध्ये खळगा."

"सकाळी स्वयंपाकघरात कोण कोण आलं?"

"रोजचेच. योकोई मासे घेऊन आला, बर्फाच्या पेटीतून. सोमेया पावाची टोपली घेऊन आला. आमच्याकडच्या बान्ह मी सँडविचला मी त्याचाच गरम पाव घेते. आणि बाजारपेठेच्या मंडळाचे अध्यक्ष कुवाता-सान, मागच्या दाराला कंदील लावायला. मी पुढे गिऱ्हाईक बघत होते."

"कुणाशी वाकडं?"

"छे. सोमेया तर देवमाणूस. मध्यंतरी पाकीट त्याच्या दुकानात विसरले, तर घरी आणून दिलं."

चौकीत पक्षी टेबलावर होता, कोंबड्याएवढा. पिसांच्या खाचांत पांढरं काहीतरी साचलेलं.

"अजून बर्फ आहे बघा," इसोबे म्हणाला.

ताएबाईंनी टेबलावर पडलेल्या दुपारच्या उन्हाकडे पाहिलं आणि त्या निघाल्या.

योकोई मासे कापतच बोलला. "माझ्या पेटीत मावेल म्हणता? मावेल की. पण हायाशी-सानला मी कशाला अडकवू? माझं निम्मं मासं तीच घेते. झाली शिक्षा तर गप घरी बसेल, दुसरं काय?"

कुवातांनी सुस्कारा सोडला. "एक-दोन वर्षं जत्रेला येऊ नका म्हणू. मग लोक विसरतात. कोपऱ्याच्या जागेवर डोळा म्हणाल तर सगळ्यांचाच आहे. योकोईला दुसरं दुकान हवंय, सोमेयाच्या जावयाला कॅफे, मला मंडळासाठी मोठं ऑफिस. पण तिचा करार पक्का आहे. ती इथं आहे तोवर जागा तिची."

सोमेयाने हात पुसत मान हलवली. "भूकंपात तिनं अख्ख्या गल्लीला सूप पाजलं होतं. आणि आता कोर्टाने नुसता ठपका ठेवला तरी तिला देश सोडावा लागेल. फार वाईट वाटतं हो."

बाहेर आल्यावर इसोबे म्हणाला, "योकोईच. पेटी हाताशी, फ्रीजर ओळखीचा."

"पेटीत बर्फ असतो, इसोबे-सान."

"मग?"

"मग तो नाही."

इसोबेने डोकं खाजवलं.

शनिवारी सकाळी मंडळाच्या ऑफिसात तिघे दुकानदार, हायाशीबाई आणि हवालदार जमले. ताएबाई उभ्याच राहिल्या.

"हवालदारसाहेब, पितळ रात्रभर फ्रीजरमध्ये असतं तर नुसत्या हातानं धरवलं असतं?"

"हात पोळल्यासारखा झाला असता. खरंच, तेव्हा लक्षातच आलं नाही."

"म्हणजे पक्षी त्याच सकाळी ठेवला. ठेवला तेव्हा तर तो चांगला गरम होता. खालची कोळंबी वितळली आणि पुन्हा गोठली, म्हणून तिचा गोळा झाला. बर्फाच्या पेटीतून आलेली वस्तू कोळंबी वितळवत नाही. कुवाता-सान कागदी कंदील घेऊन आले. त्यानेही पितळ तापत नाही. राहिली गरम पावाची टोपली."

सोमेया हसला. "पाव विकणं गुन्हा आहे का?"

"पिसांत पांढरं साचलं होतं. आम्हाला बर्फ वाटला. पण तो भर उन्हात टेबलावर तसाच होता. काल संध्याकाळी मी हवालदारसाहेबांना बोटानं उचलून बघायला सांगितलं."

"पीठ," हवालदार म्हणाला.

"हायाशीकडेही पीठ असेल," सोमेया म्हणाला.

"तांदळाचं. हे गव्हाचं आहे. पण तेही सोडून द्या. चोराला पक्षी नको होता, नाहीतर परत कशाला ठेवला असता? त्याला त्या बाई इथून जायला हव्या होत्या. नियम बदलण्याआधी एवढ्याशा चोरीने ते झालं नसतं. आता होतं. पण फक्त परदेशी माणसाच्या बाबतीत. काल योकोई म्हणाले, ती घरी बसेल. कुवाता म्हणाले, लोक विसरतील. देश सोडावा लागेल असं एकटे तुम्हीच म्हणालात. ती परदेशी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्यात काय, सगळ्यांनाच माहीत आहे."

कुवाता गोंधळून इकडेतिकडे बघू लागले. "कोण परदेशी?"

"आपली हायाशी?" योकोई म्हणाला. "काहीतरीच."

हायाशीबाई हळूच म्हणाल्या, "पाकीट. त्यात माझं कार्ड होतं."

सोमेया खुर्चीत बसला. "जावई त्या जागेवरून रोज टोचून बोलायचा," तो पुटपुटला. "वाटलं, हिला तर जायला दुसरा देश आहे."

"सोमेया-सान," हायाशीबाई म्हणाल्या, "भूकंपात तुमचा मुलगा माझ्या मांडीवर झोपला होता. तेव्हा मी कुठल्या देशाची होते?"

हवालदार त्याला घेऊन गेला. आळ दूर झाला, कार्ड जागच्या जागी राहिलं.

रविवारी पालखी देवळातून निघाली आणि कोपऱ्यावर येऊन थांबली. हायाशीबाई नेहमीसारख्या सुपाचं पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या. कुवाता पुढे आले आणि कमरेत वाकले.

"लाम-सान, पुढचा दांडा तुमच्यासाठी ठेवलाय."

"इतकी वर्षं सूप वाटते. कुणी बोलावलं नव्हतं."

"चुकलंच ते. आज बोलावतोय."

त्यांनी पळी नातीच्या हाती दिली, एप्रनची गाठ सोडली आणि खांदा दांड्याखाली घातला. पालखी उचलली गेली. मागच्या दांड्याखाली इसोबेचं पाऊल पुन्हापुन्हा चुकत होतं.

"अहो टॅक्सीवाले," त्या मान न वळवता ओरडल्या, "रस्ता आमचा आहे, नीट चाला."

सगळी गल्ली हसली, आणि पालखी पुढे निघाली.