छत्तिसावा फोटो

१२ ऑगस्ट १९९९, गुरुवार. रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी आखातातल्या हमद टाउनमधल्या आमच्या गल्लीची वीज गेली आणि आम्ही चटया घेऊन गच्चीवर गेलो. मी, माझी बहीण निधी, बासित आणि शरच्चंद्रकाका. बासित आठवड्यापूर्वीच रत्नागिरीहून आला होता. त्याचे वडील उबेद सहा वर्षांपूर्वी अस्करच्या रस्त्यावर गाडीच्या अपघातात गेले. काका त्यांचे जुने रूममेट. बासितच्या व्हिसासाठी काकांनीच खेटे घातले होते.

निधीने भुताची गोष्ट मागितली. एरवी काकांना आग्रह लागत नसे. त्या रात्री मात्र ते बराच वेळ नुसतं पाणी पीत राहिले.

"माझ्या ओळखीच्या एकाची आहे," ते म्हणाले. "खरी आहे. त्र्याण्णव सालची.

"हा गडी अस्करला कारखान्यात होता. कंपनीने त्याला मशीनचे सुटे भाग तपासायला पोलंडला पाठवलं. क्राकूव म्हणून जुनं शहर आहे, तिथे. निघताना मित्राने स्वतःचा नवाकोरा कॅमेरा त्याच्या गळ्यात घातला. म्हणाला, नुसत्या इमारती काढू नको, तूही उभा राहा. आणि कॅमेरा कुणाच्या हातात देऊ नको, पळवतील. मग माझा फोटो काढणार कोण, ह्याने विचारलं. तो म्हणाला, मी येतो ना काढायला! नको रे बाबा, हा म्हणाला, तू काढलास की कोपऱ्यात तुझं बोट येणार. खरंच यायचं. सगळे त्याला त्यावरून चिडवायचे.

"काम गुरुवारी संपलं. शुक्रवारची फ्लाइट. पण पाय निघेना. टेकडीवर राजाचा किल्ला, खाली नदी, मधोमध हा एवढा मोठा चौक, कबुतरं, फुलं विकणाऱ्या बायका. आयुष्य भट्टीपुढे गेलेलं. त्याला वाटलं, एक दिवस तरी आपला असावा. पोस्टातून मित्राला फोन लावला. म्हणाला, फ्लाइट रद्द झालीय, माझी उद्याची नाईट तेवढी कर."

"सो ही लाईड?" निधी म्हणाली.

"हो. खोटं बोलला. मित्राची त्या दिवशी स्वतःची संध्याकाळची शिफ्ट होती. त्यावर ही नाईट. सोळा तास उभं राहायचं. तरी म्हणाला, मफी मुश्किल, काही अडचण नाही, तू ये सावकाश."

बासित चटईवर उठून बसला.

"शुक्रवारभर हा मजेत हिंडला. पस्तीस फोटो काढले, सगळे इमारतींचे. शनिवारी निघण्याआधी सकाळी पुन्हा चौकात गेला. चौक रिकामा होता. तिथे लाल विटांचं चर्च आहे. त्याच्या मनोऱ्यावरून दर तासाला एकजण बिगुल वाजवतो आणि सूर मध्येच तोडतो. फार पूर्वी शत्रू येताना दिसला म्हणून पहारेकऱ्याने बिगुल वाजवला आणि वाजवता वाजवताच त्याच्या गळ्यात बाण घुसला, असं तिथले लोक सांगतात.

"सात वाजले. बिगुल वाजला. तुटला. मग काहीच नाही... कबुतरंसुद्धा गप्प.

"आणि समोरून कुणीतरी म्हणालं, हस ना रे जरा.

"मराठीत. अगदी रोजच्यासारखं.

"तो हसला. सवयीने. आणि मग बघितलं... समोर कुणी नव्हतं. कॅमेरा गळ्यातच होता. कातडी केसमध्ये, बटण लावलेलं. एक फोटो शिल्लक होता. तो निघाल्यावरच रीळ गुंडाळलं जायचं. तरी आतल्या आत ते गुंडाळायला लागलं. घर्रर्र..."

खाली रस्त्यावर एक गाडी वळली आणि गेली.

"तिथले सात म्हणजे आपले आठ," काका म्हणाले.

"आमच्या घरी पोलिसांचा कागद हाय," बासित हळूच म्हणाला. "त्यावर सकालचे आठच लिवलेत."

काका त्याच्याकडे बघेनात. "परत आल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं, फ्लाइट रद्द झाली होती. मित्राच्या बायकोलाही तेच लिहिलं. रात्रभर जागा माणूस, स्टिअरिंगवर डोळा लागला, असं लोक म्हणायचे. तो जागा का होता, हे कुणी विचारलं नाही. ह्याने सांगितलं नाही. एका दिवसाच्या भटकंतीपायी माणूस घालवला त्याने. भूत मानगुटीवर बसलं असतं तरी बरं झालं असतं रे. ते आलं शब्द पाळायला..."

त्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून एक फोटो. तो त्यांनी बासितपुढे धरला.

मी टॉर्च लावला. रिकामा चौक, लाल मनोरा, घड्याळात सात. समोर एक माणूस उभा, गळ्यात कॅमेऱ्याची केस, तोंडभर हसणारा.

"अंकल, दिस इज यू," निधी म्हणाली.



बासितने फोटो घेतला, टॉर्चच्या अगदी जवळ नेला.

"चाचा," तो म्हणाला, "किती हसताय तुम्ही..."

मग त्याचा अंगठा वरच्या डाव्या कोपऱ्याकडे सरकला आणि तिथेच थांबला. कोपऱ्यात एक जाड, धूसर बोट आलं होतं.